कोंबडीचे पीस आणि माझी खोटी उत्तरे

हे मी अशा माणसासाठी लिहीत आहे, ज्याला डॉक्टरांनी काल किंवा परवा सांगितले की तुला महारोग आहे. तो आत्ता कुठेतरी बसला असेल आणि त्याला काहीच वाटत नसेल. मलाही वाटले नव्हते. मी इंटरपर्यंत शिकलो, पुढचे राहिले. माझे उपचार अजून चालू आहेत, म्हणून बरा झालेल्या माणसाच्या अधिकाराने मला बोलता येणार नाही. औषधांविषयीही फार लिहिणार नाही. ते ज्याचे त्याचे डॉक्टर सांगतील. पवित्र शास्त्रातले तीन उतारे आमच्या इथल्या दिवसांना कसे लागू पडले, एवढेच सांगतो. कुठे चुकत असेन तर जाणत्यांनी सुधारून घ्यावे.

पीस

अमरावतीच्या कॉलेजात असताना आम्ही चार मुले मिळून हाताने रांधून खात असू. एका सकाळी मी वरणाची तपेली चुलीवरून नुसत्या हातांनी उचलली आणि खाली ठेवली. जोडीदार माझ्या हाताकडे पाहत राहिला. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले होते. मला कळले नव्हते. मुलांना वाटले की मी फार सोशिक आहे. आठवडाभर ती मला पैलवान म्हणून हाक मारीत होती, आणि मला ते आवडत होते, हेही कबूल करतो.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो. आमचे गाव केनवडपासून दोन कोसांवर आहे. बाबा सुतार आहेत. मोठ्या दुष्काळात ते पोरके झाले, मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तिथेच रंदा धरायला शिकले आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मायला मी जेवायला बसलो असताना माझ्या कोपराखालचा फिकट चट्टा दिसला. वाढून झाल्यावर तिने बाबांना मागे परसात बोलावले. तिसऱ्या दिवशी आम्ही कारंज्याच्या पलीकडच्या दवाखान्यात होतो.

डॉक्टरबाईंनी मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवले आणि डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात कोंबडीचे एक पांढरे पीस होते. ते जिथे लागेल तिथे मी बोट ठेवायचे, आणि लागलेले वाटले नाही तर 'नाही' म्हणायचे.

आता इथे मी एक चूक केली. मी परीक्षेत कधी एकही प्रश्न कोरा सोडलेला नाही. आमच्या शाळेचे मास्तर सांगत, येत नसले तरी काहीतरी लिहून या, वाचणारा दयाळू असू शकतो. बाईंच्या बाहीची सळसळ मला ऐकू येत होती. तिच्यावरून अंदाज बांधून मी बोट ठेवू लागलो. इथे. आता इथे. आता मनगटाजवळ. बरीच उत्तरे बरोबर येत असावीत असे मला वाटत होते.

"डोळे उघडा," बाई म्हणाल्या. पीस त्यांच्या मांडीवर पडले होते. "मागच्या तीन वेळा मी ते लावलेच नव्हते."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला रोगाचे नाव सांगितले, बरे व्हायला दोन वर्षे इथेच राहावे लागेल असे सांगितले, आणि तुमचा रोग फार पुढे गेलेला नाही असेही सांगितले. मी मान हलवीत होतो. मला रडू येईल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. आले नाही. मग मी उठून बाहेर गेलो.

बाबा विहिरीजवळ उभे होते. मी त्यांना नाव सांगितले. त्यांनी बराच वेळ विहिरीत पाहिले आणि मग विचारले, "मंग परीक्षेले बसता येईन का नाही?"

न संपणारी परीक्षा

माझ्याहून धाकटी एकच बहीण आहे, रूथ. तिच्या सोयरिकीच्या गोष्टी तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मला दवाखान्यात ठेवून जाताना बाबा म्हणाले की हे मायले आणि मलेच ठाऊक राहील, रूथले नोको सांगू. तुझी पत्रे अमरावतीच्या दोस्ताकडून येऊ दे. मी हो म्हणालो. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

गावात आमची पंधरा-सोळा ख्रिस्ती घरे आहेत. रविवारी उपासनेत ज्याला जे हवे ते तो उभा राहून सांगतो आणि मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. बाबांना माझ्यासाठी प्रार्थना तर हवी होती, पण कशासाठी ते सांगता येत नव्हते. म्हणून त्यांनी सांगितले की माझ्या पोराच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. एकदा विनंती मांडली की ती मध्येच सोडत नाहीत. ज्याच्यासाठी मांडली तो स्वतः उभा राहून देवाचे आभार मानीपर्यंत ती दर रविवारी चालते. बाबांच्या हे ध्यानात राहिले नसावे. दीड वर्ष ती सारी घरे दर रविवारी माझ्या परीक्षेसाठी प्रार्थना करीत राहिली. गुडघे दुखत असूनही खाली टेकणारी एक सारूबाई आहे. तिने एकदा मायला वाटेत गाठून विचारले, "काहो, असी कोनती परीक्षा हाय ही? आमचा बैल म्हातारा झाला, पन हे काई सरून नाही राह्यली."

माय म्हणाली, "मोठी हाय."

हे मला मायनेच एका भेटीत सांगितले. सांगताना ती हसली, आणि मग पदराने तोंड पुसून डब्यातली भाकरी काढू लागली.

वॉर्डातली रीत

सोमवारी आणि गुरुवारी सुई. कडू कवठीचे तेल कातडीखाली घालतात. ओळीने उभे राहायचे, हात पुढे करायचा, पुढच्याने मागच्याकडे पाहायचे नाही. त्या तेलाचा वास कपड्यांना, पांघरुणाला, भाकरीलाही लागतो. महिन्याने तो येईनासा होतो. नव्या माणसाला एवढेच सांगेन की वास खरोखरच येईनासा होतो. बाकी वेळात पट्ट्या धुणे, बागेला पाणी, आणि पडून राहणे.

सकाळी पट्ट्या बांधण्याआधी व्हरांड्यात वचन वाचतात. ज्याला अक्षर येते त्याने पाळीपाळीने वाचायचे. पण नुसते वाचून चालत नाही. वाचणाऱ्याने शेवटी 'आजचं काम' सांगायचे: या उताऱ्यावरून आज दिवा लागायच्या आत करता येईल असे एक काम, आणि तेही ज्याला बोटे नाहीत त्यालाही करता आले पाहिजे. संध्याकाळी ज्याने त्याने ते झाले की नाही ते सांगायचे. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर रहमानचाचा होते. कारंज्यात त्यांचे भांड्यांना कल्हई करण्याचे आणि कंदील सांधण्याचे दुकान होते. आता उजव्या हाताला दोन बोटे उरली होती. ते मुसलमान, स्वतःचा नमाज न चुकता पढणारे. पण पट्ट्या व्हरांड्याच्या त्याच टोकापासून सुरू होत म्हणून सहा वर्षे ते वाचनाच्या वेळी पायरीवर बसत आले होते. त्यामुळे आमचे उतारे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होते. मला ते मास्तर म्हणत. मी मास्तर नाही असे सांगून पाहिले, पण उपयोग झाला नाही.

माझी पहिली पाळी आली तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातला तो भाग होता, जिथे प्रभू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. मी आदल्या दिवशी वहीत चार पाने टिपणे काढली होती. त्या काळच्या चालीरीती सांगितल्या, नम्रता म्हणजे काय ते सांगितले, आणि आज सर्वांनी मनाने नम्र राहावे असे काम दिले.

पायरीवरून चाचा म्हणाले, "मास्तर, ते सब ठीक हाय. पन मंग पाय कोन पाह्यते?"

मला समजले नाही. त्यांनी मला जवळ बोलावले, माझा डावा पाय धरून मांडीवर घेतला आणि तळवा उलटा केला. टाचेत बाभळीचा काटा होता, मोडून आत बसलेला. भोवती पू झाला होता. मी दोन दिवस त्याच्यावर चालत होतो, विहिरीवरून पाणी आणत होतो, आणि आदल्या संध्याकाळी त्याच पायाने उभा राहून भजनही म्हटले होते.

"आपला पाय आपल्याले कळत नाही," चाचा म्हणाले. "म्हनून दुसऱ्यानं पाहाचा. तुमच्या किताबात लिहूनच हाय का नाही?"

आता त्या उताऱ्याचे आमच्याकडे हेच काम झाले आहे. रोज संध्याकाळी प्रत्येकाने शेजाऱ्याचे तळवे पाहायचे. मी चाचांचे पाहतो, चाचा माझे पाहतात. सुरुवातीला मला त्यांचे पाय मांडीवर घेताना किळस येत असे, तीही सरली. ती सरली म्हणून मी चांगला झालो असे समजू नका. बरेच काही सरले होते, त्यात तीही गेली.

नऊ जण

दहा महारोगी बरे झाले आणि एकच परत आला, ही गोष्ट लूककृत शुभवर्तमानात आहे. बाहेरून येणारे उपदेशक हटकून तीच वाचतात आणि आमच्याकडे पाहतात. उपकार विसरू नका, असा तिचा अर्थ सांगतात. तो खराच आहे.

पण एकदा असा उपदेश झाल्यावर पट्टी बांधून घेताना चाचा मला म्हणाले, "ते नऊ काहून आले नाही, मालूम हाय का? घरी पळत गेले असतीन. माय वाट पाहत असन."

ते ऐकून त्या दिवशी पाळी असलेल्या माणसाने काम दिले की ज्याला घरी पत्र लिहायचे आहे त्याने लिहावे, आणि लिहिता येत नाही त्याने मास्तरकडून लिहवून घ्यावे. त्या दिवशी मी अकरा पत्रे लिहिली. स्वतःचे लिहिले नाही. मी तर अमरावतीत अभ्यास करीत होतो.

होय तर होय

दीड वर्ष झाले तेव्हा रूथचे पत्र अमरावतीहून फिरून आले. सोयरीक कारंज्याची ठरत होती. मुलगा शाळेत शिक्षक होता. ती मंडळी पाहून गेली होती आणि पुन्हा तारीख धरायला येणार होती. त्यांनी भावाविषयी विचारले, तेव्हा माझा भाऊ बी.ए. होणार आहे असे मी मान वर करून सांगितले, असे तिने लिहिले होते. खाली दोन ओळी होत्या: 'लग्नाले तू येशीन ना? तू नाही आला तर मी त्या दिवशी कोनाशीच बोलनार नाही.'

पुढच्याच आठवड्यात बाबा आले. त्यांनी सगळे ठरवून आणले होते. चट्टा आता पुसट झाला आहे, बाई दोन दिवसांची परवानगी देतील, कोट शिवून घ्यायचा आणि त्याची बाही लांब ठेवायची. उजव्या हाताची शेवटची दोन बोटे तोवर थोडी वळली होती. ती खिशात ठेवता येतील, असेही ते म्हणाले. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या प्रार्थनेत कॉलेजात शिकलेल्या पोराने चार शब्द बोलावेत अशी गावच्या मंडळीची इच्छा होती.

मी हो म्हणालो. बाबा गेल्यावर पट्ट्या धुवायला बसलो.

दोन दिवसांनी माझी पाळी होती. आम्ही मत्तयाचे शुभवर्तमान क्रमाने वाचत होतो आणि तिथे आले ते वचन: शपथा वाहू नका, तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही, एवढेच असावे. मी ते निवडले नव्हते. टिपणेही काढली नव्हती. मी एवढेच म्हणालो की आजचे काम म्हणजे, आज जो जे विचारील त्याला जे आहे तेच सांगायचे.

संध्याकाळी सगळ्यांनी सांगितले. तिघांनी स्वयंपाक्याला सांगितले होते की भाकरी कच्ची असते. स्वयंपाक्यानेही उत्तरात स्वतःला जे वाटत होते तेच त्यांना सांगितले होते. लोक हसले. मग चाचांनी मला विचारले, "तुमचं काय, मास्तर?"

मी म्हणालो की माझ्याकडून झाले नाही. मला कोणी काही विचारलेच नाही. एवढ्यावर थांबणार होतो, पण पुढचे तोंडातून आले. दीड वर्ष मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतो आहे आणि मला काही वाटत नाही. भजनात वाटत नाही, वचन वाचताना वाटत नाही. बाकीचे केव्हा 'आमेन' म्हणतात ते ऐकून मी म्हणतो, बाहीची सळसळ ऐकून बोट ठेवावे तसे. देवाचा हात माझ्यावर आहे असे मी तुम्हां सर्वांना चार वेळा सांगितले. मला तो लागलेला नाही.

मला वाटले की आता हे लोक माझ्याकडून वचन वाचवून घेणार नाहीत.

"हे सांगाले दीड वर्स लागलं का?" चाचा म्हणाले. "काटा तं दोन दिवसांत सापडला होता." मग त्यांनी विचारले की घरी कोणाकोणाला ठाऊक आहे. मी परीक्षेची, कोटाची आणि लग्नाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी माझा तळवा पाहता पाहता ऐकली. "बहीन लहान पोर हाय का?"

"नाही. अठरा वर्षांची आहे."

"मंग तिच्या लग्नात बोलाचं झूठ तिले पुसून बोला."

दुसऱ्या दिवशी मी रूथला लिहिले. पेन्सिल नीट धरता येत नव्हती, अक्षर शाळेतल्यासारखे मोठे आले. मी कुठे आहे, मला काय आहे आणि केव्हापासून, हे लिहिले. शेवटी लिहिले की यातले कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही ते तू ठरव. मी येऊ नये असे तुला वाटले तर मी येणार नाही, आणि कोणाला काही कळणार नाही. पाकीट अमरावतीला न पाठवता सरळ गावी पाठवले.

मी धैर्य केले असे कोणी म्हणू नये. माझ्याने सोसवेना तो भार मी तिच्या डोक्यावर दिला. हे बरोबर केले की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

चहा

पुढचे मला मायने सांगितले. कारंज्याची मंडळी तारीख धरायला आली. रूथने चहा आणला, कप सर्वांपुढे ठेवले आणि उभी राहूनच सांगितले की भाऊ अमरावतीला नाही, दवाखान्यात आहे, आणि त्याला महारोग आहे. बाबा उठून कामाच्या छपरात गेले आणि एक फळी घेऊन तिला रंदा मारू लागले. त्या फळीचे काही करायचे नव्हते. आतले बोलणे थांबले तरी तो आवाज चालू होता.

पाहुण्यांनी चहा पूर्ण घेतला. नकार द्यायचा असला की माणसे कप रिकामा करून ठेवतात, असे मायचे म्हणणे आहे. विचार करून कळवतो म्हणाले. कळवले नाही.

त्या रविवारी विनंत्यांच्या वेळी बाबा नेहमीप्रमाणे उभे राहिले, पण त्यांना बोलता येईना. मग रूथ उभी राहिली आणि तिने मंडळीला सगळे सांगितले. म्हणे बराच वेळ कोणी गुडघे टेकले नाहीत. शेवटी सारूबाई टेकली आणि म्हणाली, "बापा, दीड वर्स आमी भलत्याच गोष्टीसाठी मांगून राह्यलो होतो. आमाले ठाऊक नव्हतं. तुले ठाऊक होतं. तं ते सारं या रोगाले लावून घे."

माय हे सांगत असताना माझ्या घशात काहीतरी हलले. रडणे नव्हते. पण हलले, हे नोंदवतो, कारण या सगळ्या काळात ते पहिल्यांदाच झाले.

तळवा

मागच्या महिन्यात बाबा आणि रूथ दोघे आले. बाबा दोन भेटींत माझ्याशी बोलले नव्हते. या वेळी त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी आणलेले एक पातेले काढले. त्याला त्यांनी दोन्ही बाजूंनी सागाच्या मुठी बसवल्या होत्या, घासून अगदी गुळगुळीत केलेल्या. ते माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "लाकूड तापत नाही." मग उठून विहिरीकडे गेले.

रूथ आता गावच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. कारंज्याविषयी मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की मले त्याचं काई वाटत नाही. ते खरे की मला बरे वाटावे म्हणून, ते मला ओळखता आले नाही. मी तिची क्षमा मागणार होतो. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. तिमाही तपासणी त्याच दिवशी होती.

मी बाकावर बसलो, बाही वर केली, डोळे मिटले. आता मला ही परीक्षा बरी येते. बाईंची बाही सळसळली तरी मी तिकडे लक्ष देत नाही. कोपराजवळ पीस लागले, तिथे बोट ठेवले. त्याच्या थोडे खाली लागले, तिथे ठेवले. मागच्या वेळी तिथे कळले नव्हते. मग बराच वेळ काही नाही.

"आता?" बाईंनी विचारले.

मी थांबलो. नीट पाहिले आत. "नाही," मी म्हणालो.

"आता?"

"नाही."

बाई पुढे काही बोलल्या नाहीत, म्हणून मी डोळे उघडले. पीस त्यांच्या मांडीवर होते. चट्ट्यावर रूथचा अख्खा तळवा टेकलेला होता, बोटे पसरलेली, किती वेळापासून कोण जाणे.

"कळ्ळं नाही तुले?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

तिने हात काढला नाही.